नकाशात लिहिलेली कामाची जागा

गुरप्पा बंदपट्टेनं माझं डोकं जितकं खाल्लं, तितकं आमच्या कचेरीतल्या एकाही साहेबानं खाल्लं नाही. मी चनबसप्पा, मूळचा दुधनीचा, सोलापूरच्या घरबांधणीच्या सरकारी कचेरीत कारकून. मंजुरीला येणारा प्रत्येक नकाशा आधी माझ्या टेबलावर यायचा. ज्याला काम करून घ्यायचं असे तो माझ्यापुढे जरा वाकून बसे, मुलाबाळांची चौकशी करी. गुरप्पा यायचा तो ताठ उभा राहायचा. ना नमस्कार, ना चमत्कार. "अण्णा, कालच्या कागदाचं काय झालं?" कागद खरोखरच काल दिलेला असायचा.

तो जातीनं वडार. आई-बाप दोघंही दगडाच्या खाणीवर. मैंदर्गीजवळ खाणीच्या कडेला पाल ठोकून राहायचे, काम संपलं की पाल उचलून पुढच्या खाणीवर. या भागातल्या कितीतरी घरांच्या जोत्याचा दगड या लोकांनी फोडला, आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र गोणपाट. मैंदर्गीच्या एका मास्तरांनी या पोराला धरून शाळेत बसवलं. पुढे तो मुंबईला गेला. दिवसा एका मोठ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे गिरवायचे, संध्याकाळी कॉलेज. पाच वर्षांचा डिप्लोमा त्यानं नऊ वर्षांत घेतला, पण घेतला. त्या ऑफिसानं त्याला नोकरीवर ठेवून घेतलं, तेही मागच्या खोलीत. नकाशा गुरप्पानं काढायचा आणि गिऱ्हाइकासमोर दुसऱ्या कुणीतरी उलगडायचा. दोन वर्षं त्यानं हे सोसलं आणि एकोणसत्तर साली बोर्ड, टी-स्क्वेअर आणि ट्रंक घेऊन तो सोलापूरला परत आला.

इथं तरी काय पायघड्या घातल्या होत्या? पहिल्याच वर्षी एका व्यापाऱ्याला त्यानं बंगल्याचा नकाशा काढून दिला. व्यापारी खूश. मग आडनाव विचारलं. ऐकल्यावर हसून म्हणाला, "म्हणजे पाया खणायलाही तुमचीच माणसं का?" दुसऱ्या दिवशी काम दुसरीकडे गेलं. गुरप्पानं मला ही हकीकत सांगितली तेव्हा मीही हसलो होतो. आज त्याची लाज वाटते. तो मात्र हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं पेंटरकडून नवी पाटी करून आणली: "गुरप्पा बंदपट्टे, आर्किटेक्ट. फक्त लहान घरांची कामे घेतली जातील."

लोकांना आर्किटेक्ट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. सगळे त्याला नकाशावाला म्हणायचे. गिरणी कामगाराची एक खोली, शिंप्याचं दुकान आणि त्यामागचं घर, असली कामं तो घ्यायचा आणि बंगल्याचा नकाशा काढावा इतक्या निगुतीनं करायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, दहा बाय बाराच्या खोलीला चार-चार कागद कशाला?" तर म्हणाला, "जागा कमी असली की चूक करायला पण जागा नसते, अण्णा."

चौऱ्याहत्तर साली अक्कम्मा त्याच्याकडे आली. अक्कम्मा विडी वळणारी. वयाच्या नवव्या वर्षापासून मांडीवर सूप घेऊन बसलेली, नवरा वारलेला, बोलायला फटकळ. घरी कानडी, बाहेर मराठी, भांडताना दोन्ही. तिनं शहाण्णव बायकांची सोसायटी उभी केली होती आणि अक्कलकोट रस्त्यापलीकडचा माळाचा तुकडा सरकारकडून पदरात पाडून घेतला होता. आमच्या कचेरीत असल्या सोसायट्यांसाठी एक तयार नकाशा होता: एक खोली, एक स्वयंपाकघर, मोरी. मीच तो तिला दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद तिनं बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हितं बसायचं कुटं?"

मी म्हटलं, "खोलीत बसा की."

"खोलीत अंधार. रोज हजार पानं कापताना डोळे जात्यात वो. आन रस्त्यावर बसलं तर वाऱ्यानं तंबाखू उडती. बसायचं कुटं ते दाखवा."

मी तिला साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी परत माझ्याकडे पाठवलं. लहान घरांची पाटी सोलापुरात एकच होती, म्हणून ती तिथं गेली.

गुरप्पानं कागद पेन्सिल काढलीच नाही. तो आठ दिवस अक्कम्माच्या चाळीत जाऊन जमिनीवर बसला. बायका पानं भिजवतात कशी, वर पत्र्याचा फर्मा ठेवून कापतात कशी, तंबाखू भरून दोरा बांधतात कशी, हे नुसतं पाहत राहिला. मग एक दिवस खडू घेऊन गेला आणि मांडी घालून बसलेल्या अक्कम्माभोवती जमिनीवर रेघ ओढली. तिच्या गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत, मागे टेकायला किती, उजव्या हाताला पानांची पाटी, डावीकडे वळलेल्या विड्या. बायका हसून लोटपोट झाल्या. कुणी म्हणाली, "अक्कम्माची रांगोळी काढतोय बघ." तो म्हणाला, "हलू नका, अक्का." ती हलली नाही. तेव्हापासून ती त्याला तम्मा म्हणू लागली. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात.

त्यातून जो नकाशा निघाला तो मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन. प्रत्येक घराला उत्तरेकडे तोंड असलेली पडवी. उत्तरेकडे, कारण आपल्याकडचं ऊन त्या बाजूनं आत येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. पडवीला दीड फुटाचा कठडा. बसलेल्या बाईच्या सुपातली तंबाखू वाऱ्यापासून वाचावी इतका उंच, आणि उजेड अडू नये इतका ठेंगणा. दोन-दोन घरांच्या पडव्या एकमेकींना लागून, कारण हे काम गप्पांशिवाय होत नाही. खर्च आमच्या तयार नकाशाइतकाच, कारण पडवीसाठी त्यानं आतल्या दोन भिंती काढून टाकल्या होत्या. मी नकाशा पाहिला आणि खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटला.

मग माझी नजर पडवीत लिहिलेल्या शब्दांवर गेली आणि मी कपाळाला हात लावला. तिथं त्याच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: कामाची जागा.

"गुरप्पा, हे काय लिहिलंस? राहत्या घरात धंदा करायला मनाई आहे. नियमच आहे तसा. हे वाचलं की वर नकाशा अडकणार. व्हरांडा लिही आणि मोकळा हो."

"व्हरांडा न्हाय तो."

"अरे, बायका बसून विड्या वळू देत नाहीतर लेझीम खेळू देत, कोण बघायला येतंय? कागदावर व्हरांडा."

"जे हाय ते लिहायचं, अण्णा."

मी त्याला गाढव म्हणालो, आणखीही बरंच काही म्हणालो. तो ऐकून घेऊन निघून गेला. नकाशा पुण्याला वरच्या कचेरीत गेला आणि तीन महिन्यांनी शेरा घेऊन परत आला. गुरप्पानं उत्तर जोडून पुन्हा पाठवला. पुन्हा परत. त्या काळी ट्रेसिंगच्या कागदावरची शाई ब्लेडनं खरवडून काढता यायची. तिसऱ्यांदा पाठवण्याआधी मी दार लोटून घेतलं आणि ते दोन शब्द स्वतःच्या हातानं खरवडून व्हरांडा लिहिलं. वाटलं, कुणाला कळतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरप्पा हजर. त्यानं कागद उजेडाकडे धरला, माझ्याकडे एकदा पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि माझा व्हरांडा खोडून पुन्हा कामाची जागा लिहिलं. शाई वाळायला फुंकर मारली आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंच्याहत्तर संपत आलं तेव्हा खरी अडचण झाली. पुढल्या मार्चपर्यंत नकाशा मंजूर झाला नाही तर सोसायटीची जमीन सरकार परत घेणार, असं पत्र आलं. मी ते पत्र घेऊन सायकलवर थेट अक्कम्माच्या चाळीत गेलो. म्हटलं, तुमचा तम्मा दोन शब्दांपायी शहाण्णव घरं घालवतोय, आता तुम्हीच सांगा त्याला. ती त्या पावली निघाली, मीही मागोमाग.

गुरप्पाच्या खोलीत जाऊन ती म्हणाली, "तम्मा, खोड की ते. आमाला घर पायजे. कागदावर काय का असंना."

गुरप्पानं पेन खाली ठेवलं. मग त्यानं जे सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. "अक्का, माजी आय बापाच्या बरोबरीनं दगड फोडायची. मुकादमाच्या वहीत एकच नाव, बापाचं. फुडं 'जोडीनं' असं लिहायचं. बाप खाणीत दबून मेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आय हातोडा घेऊन कामावर गेली, तर मुकादम म्हनला, तुजं नाव कुटं हाय? तू कवा काम करत होतीस? बावीस वर्सं दगड फोडला तिनं. वहीत शोधून शोधून एक अक्षर सापडलं न्हाय." तो थांबला. "घर तुमचं हाय. तुमी म्हनलासा तर मी आत्ता खोडतो. पर मग कागद म्हननार की शहाण्णव बाया घरात नुसत्या बसून हायत."

अक्कम्मानं पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "कारकून, राहू द्या ते. जसं हाय तसं."

मला त्या दोघांचाही संताप आला होता. पण मी मुरलेला कारकून. पुण्याचे एक साहेब फेब्रुवारीत प्रत्यक्ष चौकशीला येणार असं कळलं तेव्हा मी गुपचूप चाळीत जाऊन बायकांना बजावून आलो: त्या दिवशी सुपं, कात्र्या, पानं सगळं आत. दिसता कामा नये.

साहेब आले. कडक इस्त्रीचे, चष्म्याचे, सभ्य. चाळीच्या चौकात खुर्ची मांडली. समोर शहाण्णव बायका रिकाम्या हातानं बसलेल्या. इतक्या बायका रिकाम्या हातानं बसलेल्या मी तोवर कधी पाहिल्या नव्हत्या आणि त्यांनाही ते जमत नव्हतं, बोटं सारखी पदराशी चाळा करत होती. गुरप्पा भिंतीशी उभा. साहेबांनी फाईल उघडली, पुण्याच्या शुद्ध मराठीत गळा साफ केला आणि विचारलं, "आपल्यापैकी कोण कोण घरात धंदा करतं?"

मी मनात म्हटलं, मेलो.

अक्कम्मा उठून उभी राहिली. "काय म्हनलासा?"

"धंदा. घरात बसून धंदा करता ना तुम्ही?"

मग जे उसळलं! आमच्याकडे बाईला कुणी धंदा करतेस का असं विचारलं तर त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो पुण्याच्या त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आला नव्हता. अक्कम्मा कानडीत काय काय म्हणाली ते मी लिहू शकत नाही, कारण मला ते सगळं समजलं. शेजारची मेहबूबबी ओरडली, "हम इज्जतदार औरतां हैं साब! ऐसा पूछते क्या?" मागच्या तेलुगू बायका आपल्या भाषेत तुटून पडल्या. साहेबांचा चेहरा लालबुंद. घाईघाईनं ते म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे! कुणीही धंदा करत नाही, असं लिहितो."

आणि ते लिहू लागले! माझा तर जीव भांड्यात पडला. दीड वर्षाचं त्रांगडं एका गैरसमजानं सुटलं होतं. तेवढ्यात भिंतीपासून आवाज आला.

"साहेब, लिहू नका."

मी गुरप्पाकडे अशा नजरेनं पाहिलं की दुसरा माणूस असता तर तिथंच थिजला असता. तो पुढे आला. "यांचा गैरसमज झालाय. या रोज विड्या वळतात. आज सुपं आत ठेवली हायत." मग बायकांकडे वळला. "अक्का, साहेब वाईट विचारत न्हाईत. विड्या वळता का, येवडंच विचारतायत."

अक्कम्मा कमरेवर हात ठेवून उभी होती. राग अजून उतरला नव्हता, आता तो फक्त दुसरीकडे वळला. "मग काम म्हना की वो सायेब! धंदा कसला? धंदा शेट करतो. आमी काम करतो." ती घरात गेली, सूप घेऊन आली आणि साहेबांच्या खुर्चीपुढेच मांडी घालून बसली. पान कापलं, तंबाखू भरली, दोरा बांधला. विडी साहेबांच्या फाईलवर ठेवली. "ही इकायचा अधिकार हाय का मला? न्हाय. पानं शेटची, तंबाखू शेटची. एक जरी ठिवून घेतली तर चोर म्हनंल. ह्याला धंदा म्हनत्यात व्हय?"

मेहबूबबी म्हणाली, "काम करते सो औरतां हैं हम. लिखो साब." एकेक बाई उठून आत गेली आणि सूप घेऊन परत आली.

साहेबांनी विडी उचलून बोटांत फिरवून पाहिली. मग त्यांनी नियमांचं पुस्तक मागितलं, पान काढलं आणि बोट ठेवून वाचलं. नियमात शब्द होता धंदा. कामाबद्दल तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. माणूस नियमाचा होता, पण शब्दाची किंमत जाणणारा होता. "तुम्ही लिहून घ्या," ते मला म्हणाले आणि सांगू लागले, "प्रत्यक्ष चौकशीत असे आढळले की सदर घरांत धंदा होत नाही. काम होते. नकाशात दर्शवलेली कामाची जागा योग्य असून नकाशा आहे तसा मंजूर करण्यास हरकत नाही." मी शब्दन् शब्द उतरवून घेतला. मान वर करून गुरप्पाला काहीतरी म्हणावं असं वाटलं, पण तो साहेबांचे आभार मानायचंही विसरून कठड्याची उंची अजून दोन इंच वाढवावी का, हे एका बाईला विचारत होता.

अठ्ठ्याहत्तरला शहाण्णव घरं उभी राहिली. किल्ल्यांबरोबर गुरप्पानं प्रत्येकीला तिच्या घराच्या नकाशाची निळी प्रत दिली, वर तिचं नाव, खाली सरकारी शिक्का. मी कुरकुरलो, की वाचता न येणाऱ्या बायकांना हे कशाला. त्यानं माझं म्हणणं मनावर घेतलं नाही.

पुढच्याच वर्षी या बायकांना विड्यांची पानं देणाऱ्या शेटनं नवा डाव टाकला. कामगारांना ओळखपत्रं द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं सांगितलं, या आमच्या कामगारच नाहीत. कामगार अधिकाऱ्यापुढे सुनावणी लागली. घरांची फाईल माझ्याकडे म्हणून मलाही बोलावलं होतं. शेटचा वकील उठून गोड आवाजात म्हणाला, "साहेब, या गृहिणी आहेत. घरी बसून असतात. फावल्या वेळात काही करत असतील तर त्याला काम म्हणता येणार नाही. आणि पुरावा तरी काय?"

अक्कम्मानं पिशवीतून निळा कागद काढला आणि टेबलावर उलगडला. वाचता येत नसलं तरी जागा तिला पाठ होती. तिनं त्यावर बोट ठेवलं. "हितं लिवलंय. खाली सरकारचा शिक्का हाय. वाचा."

अधिकाऱ्यानं वाकून मोठ्यानं वाचलं. "कामाची जागा." नाव वाचलं, शिक्का पाहिला. दार उघडंच होतं. बाहेरच्या बायका एकेक करून आत आल्या आणि आपापला कागद त्या कागदावर ठेवत गेल्या. टेबल निळं झालं. वकील काहीतरी बोलायला गेला, पण अधिकारी त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "या काम करतात हे सरकारनं आधीच मान्य केलंय. कुणाचं करतात, ते आता तुमची रजिस्टरं दाखवतील. ती आणा."

रजिस्टरं यायला तीन आठवडे लागले, त्यावर आणखी दोन महिने भांडण. शेवटी नावं चढली. पहिली ओळ मी स्वतः पाहिली: अक्कम्मा, काम विडी वळणे. मी इतका हरखलो होतो की कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बस धरून मैंदर्गीला गेलो. गुरप्पा तिथं वडारांच्या पालांमध्ये जमिनीवर बसला होता, हातात खडू, समोर एक म्हातारी दगड फोडत होती आणि हा तिच्याभोवती रेघ ओढत होता.

मी धापा टाकत म्हणालो, "गुरप्पा, नावं चढली! चौऱ्याण्णव बायकांची नावं चढली!"

त्यानं खडू खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते, ते मी पहिल्यांदाच पाहिलं. तो उठून उभा राहिला, हात झटकले आणि म्हणाला,

"दोन कोण राहिल्या?"